बावीस पराभव आणि आपल्या सभा

आपल्या साहित्यसभेत कोणी कधी हरत नाही. चर्चासत्र भरते, बीजभाषण होते, तीन सत्रांत डझनभर निबंध वाचले जातात, संवादक 'दोनच शब्द' म्हणून वीस मिनिटे बोलतात, सत्राध्यक्ष प्रत्येकाच्या मांडणीतील 'मौलिकता' अधोरेखित करतात आणि आभारप्रदर्शक 'अत्यंत सकस चर्चा झाली' असे जाहीर करून मंडळींना भोजनाकडे वळवतात. सकाळी जो ज्या मताचा होता तो संध्याकाळीही त्याच मताचा असतो. कोणाचे विधान खोडले गेलेले नसते, कोणाला ते मागे घ्यावे लागलेले नसते, 'हे मला ठाऊक नव्हते' असे म्हणण्याची वेळ कोणावर आलेली नसते. या निर्विघ्नतेलाच आपण सौजन्य म्हणतो. माझ्या मते हा निव्वळ मुलाहिजा आहे. सौजन्य आणि मुलाहिजा या दोन शब्दांतला फरक मराठीच्या अध्यापकाला आणि विद्यार्थ्याला कळत नसेल, तर तो आणखी कोणाला कळायचा?

मुलाहिजा पद पाहतो, वय पाहतो, पुढच्या वर्षीचे निमंत्रण पाहतो. सौजन्याला समोरच्या माणसाचे म्हणणे पाहावे लागते. मुलाहिजा राखायला निबंध ऐकावा लागत नाही, निबंधकाराचे नाव आणि हुद्दा माहीत असला की काम भागते. सौजन्याला मात्र कष्ट पडतात. समोरचा काय म्हणतो, का म्हणतो, कशाच्या आधारावर म्हणतो, हे त्याच्याइतक्याच नेमकेपणाने समजून घेण्याचे ते कष्ट आहेत. सभेचा विचारी सभासद कोण, या प्रश्नाचे माझे उत्तर एवढेच आहे की, जो हे कष्ट घेतो तो.

सभेत कसे वागावे याचे शास्त्र आपल्याकडे नव्हते, ते इंग्रजी अमदानीत सभासंस्थांबरोबर आले, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी चालतो तो वाद. जिंकण्यासाठी चालतो आणि त्यासाठी छळालाही, म्हणजे शब्दच्छलालाही जागा देतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा पाडू पाहते ती वितंडा. मराठीने पुढे 'वितंडवाद' असा शब्द घडवून वितंडा आणि वाद यांना एकाच जोखडाला जुंपले, आणि 'वाद' या शब्दाचाच अर्थ भांडण असा होऊन बसला. 'उगाच वाद नको' असे आपण म्हणतो तेव्हा शास्त्राच्या दृष्टीने आपण 'उगाच सत्यशोधन नको' असे म्हणत असतो, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

त्याच ग्रंथाच्या अखेरच्या, पाचव्या अध्यायात निग्रहस्थाने येतात. चर्चा करणारा ज्या ज्या ठिकाणी हरला असे समजावे, त्या त्या जागांची ती यादी आहे. अशा बावीस जागा आहेत. तर्कशास्त्राचा विषय म्हणून त्या फार तर परीक्षेपुरत्या वाचल्या जातात. पण एकदा आपली एखादी सभा डोळ्यांसमोर ठेवून ती यादी वाचावी. वाचणाऱ्याला हसू येईल आणि ते फार वेळ टिकणार नाही.

'अविज्ञातार्थ' हे एक निग्रहस्थान. वक्त्याने आपले म्हणणे तीनदा सांगूनही ते ना परिषदेला कळले ना प्रतिपक्षाला, तर वक्ता हरला. दुर्बोधतेचा दोष श्रोत्याच्या माथी न मारता तो बोलणाऱ्याच्या पदरात टाकणारा हा नियम आहे. उत्तर-आधुनिकता, संहितांतर्गतता, विरचना हे शब्द एका दमात उच्चारून निबंध संपवणाऱ्यांना या नियमाखाली काय मिळाले असते, ते सांगायला नको. 'मतानुज्ञा' हे दुसरे. आपल्यावरचा आक्षेप न निवारता 'हाच दोष तुमच्याही पक्षात आहे' असे म्हणणारा हरतो, कारण त्याने आक्षेप मान्यच केलेला असतो. 'तेव्हा तुम्ही कुठे होता?' हा आपल्या वाङ्मयीन चर्चांमधला हुकमी प्रश्न गौतमाच्या परिषदेत विचारणाऱ्याचाच घात करणारा ठरला असता. आणि 'विक्षेप'! काही कामाचे निमित्त सांगून चालू चर्चा मध्येच तोडणारा, तोही हरलेला. आपले बीजभाषण आटोपताच 'पुढचा कार्यक्रम आहे' म्हणून शाल-श्रीफळ घेऊन गाडीत बसणारे पाहुणे विदर्भात काय आणि उर्वरित महाराष्ट्रात काय, सर्वांच्या परिचयाचे आहेत. आपण त्यांना दारापर्यंत पोचवायला जातो, आणि तोवर सभागृहात एखादी संशोधक विद्यार्थिनी तिचा पहिला निबंध रिकाम्या खुर्च्यांना वाचून दाखवत असते.

या बावीस जागांपैकी मला सर्वांत मोलाची वाटते ती 'अननुभाषण' ही. प्रतिपक्षाने आपले म्हणणे तीनदा सांगितले, परिषदेला ते कळले, आणि तरीही उत्तर देणाऱ्याला ते आपल्या तोंडाने पुन्हा मांडता आले नाही, तर तो तिथेच हरला. त्याचे उत्तर कितीही सफाईदार असो, ते ऐकण्याचे कारणच उरत नाही. ज्याला प्रश्न सांगता येत नाही त्याचे उत्तर कशाचे असणार? दुसऱ्याचे म्हणणे नेमकेपणाने सांगता येणे ही या शास्त्रात केवळ शिष्टाचाराची बाब नाही. ती बोलण्याच्या अधिकाराची पूर्वअट आहे. पूर्वपक्ष आधी, उत्तरपक्ष नंतर, हा आपल्या सर्व शास्त्रग्रंथांचा क्रम त्यातूनच आलेला आहे.

ही कसोटी आपल्या प्रश्नोत्तरांना लावून पाहावी. प्रश्न विचारायला उठणारी व्यक्ती बहुधा प्रश्न विचारत नाही. तिचे स्वतःचे एक भाषण राहून गेलेले असते. निबंध ग्रामीण कादंबरीवर असो वा संतसाहित्यावर, प्रश्न मात्र प्रश्नकर्त्याच्या प्रबंधावरच येतो. समीक्षालेखांचीही तऱ्हा हीच. 'अमुक समीक्षकांची भूमिका एकांगी आहे' हे वाक्य वाचल्यावर ती भूमिका काय होती ते त्या लेखातून सांगता येत नाही. विद्यार्थी हे वाचतात, उत्तरपत्रिकेत उतरवतात आणि गुण मिळवतात. न वाचलेल्याचे खंडन करण्याची विद्या पदव्युत्तर वर्गातच अशी अंगवळणी पडते.

ही अपेक्षा जुन्या संस्कृत पंडितांना शोभणारी, मराठीच्या मातीतली नव्हे, असे कोणी म्हणेल. त्यांनी नागपूरपासून फार दूर जाऊ नये. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपुरापर्यंत जावे. श्रीचक्रधरांच्या प्रयाणानंतर तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने नागदेवाचार्यांच्या सहवासात लीळाचरित्राची सिद्धता केली. ज्यांनी ज्या लीळा पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन, विचारून, पडताळून त्याने त्या संकलित केल्या. गुरूच्या आठवणी सांगणाऱ्या शिष्याला आपलीच आठवण खरी वाटणे स्वाभाविक असते. त्या मोहाला या माणसाने आवर घातला आणि तो दुसऱ्यांच्या दारी गेला. पुढे मूळ पोथी धामधुमीत नष्ट झाली आणि ग्रंथ स्मरणातून पुन्हा उभा करावा लागला. त्या वेळी पाठ वेगवेगळे पडले. ते पाठ हिराइसा, परशरामबास, रामेश्वरबास अशा ज्यांच्या त्यांच्या नावांनी ओळखले गेले. आपल्याला न पटलेला पाठही त्याच्या धन्याच्या नावानिशी जपायचा, ही रीत एका श्रद्धावान संप्रदायाने सांभाळली. जिथे मतभेद म्हणजे पाखंड ठरण्याचा धोका होता तिथे मतभेदाची नोंद झाली. मराठी गद्याचा आरंभ आपण ज्या ग्रंथापासून मोजतो, त्याच्या घडणीतच दुसऱ्याच्या म्हणण्याचा असा आदर आहे. वि. भि. कोलते यांनी आयुष्य वेचून महानुभावांच्या या वाङ्मयाचा अभ्यास केला आणि १९७८ साली त्यांचे लीळाचरित्राचे संपादन प्रसिद्ध झाले. ते पाहताना हे लक्षात घ्यावे की, पाठभेद हे संपादनशास्त्राचे तंत्र आहेच, पण त्याआधी ती एक नैतिक सवय आहे.

आता एका गंभीर आक्षेपाकडे वळतो. सभ्यता, संयम, शिष्टाचार हे शब्द नेहमी वरच्यांनी खालच्यांना ऐकवले आहेत, असे म्हटले जाते, आणि ते खरे आहे. १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधना'च्या विशेषांकात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला. त्यावर मोठे वादळ उठले ते राष्ट्रध्वजाविषयीच्या त्यातील भाषेमुळे. लेखाचा कणा मात्र एक तुलना होती. ध्वजाच्या अवमानाला तीनशे रुपये दंड आणि दलित स्त्रीची अब्रू घेणाऱ्याला पन्नास रुपये दंड, हा न्याय कोणता, असा तो सवाल होता. ज्यांना ढाले यांची भाषा असह्य झाली त्यांपैकी कितीजणांनी हा सवाल आधी स्वतःच्या तोंडाने मांडला आणि मग त्याला उत्तर दिले? शब्दांवर निषेधांचे ढीग पडले आणि दोन दंडांमधले अंतर तसेच राहिले. शास्त्राच्या भाषेत याला अननुभाषण म्हणतात. लेखाची भाषा जळजळीत होती हे कबूल. पण त्या चर्चेत हरले ते प्रश्न टाळून भाषेवर बोट ठेवणारे.

म्हणून मी ज्या सौजन्याची बाजू घेतो आहे त्याचा आवाजाच्या पट्टीशी संबंध नाही. चढ्या आवाजात बोलणारा माणूस समोरच्याचे म्हणणे नेमके सांगत असेल तर तो सभेचा चांगला सभासद आहे. मधाळ बोलणारा ते मोडतोड करून सांगत असेल तर त्याचे गोड बोलणे सभेच्या काही कामाचे नाही. 'गावकुसाबाहेरच्यांनी आधी बोलायला शिकावे' असे म्हणणाऱ्यांसाठी माझ्या या मांडणीत जागा नाही. ऐकणे आधी आणि बोलणे मागाहून, एवढाच तिचा नियम आहे, आणि ज्यांचे आजवर ऐकले गेले त्यांनी तो आधी पाळायचा आहे.

गोड भाषेत केवढा अविचार मावतो याचे उदाहरण आपल्या विदर्भातच घडले. ११ ते १३ जानेवारी २०१९ या दिवसांत यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाचे कार्यालय त्या वेळी नागपुरात, विदर्भ साहित्य संघाकडे होते. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना रीतसर निमंत्रण गेले होते आणि त्यांनी ते स्वीकारले होते. इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिकेच्या हस्ते मराठी संमेलनाचे उद्घाटन कशाला, असा स्थानिक विरोध झाला, संमेलन उधळण्याचे इशारे आले, आणि कार्यक्रमात विघ्न नको म्हणून निमंत्रण मागे घेणारे पत्र बाईंना धाडण्यात आले. महामंडळाचे तत्कालीन अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी पदाचा राजीनामा दिला. विरोध करणाऱ्यांच्या पक्षाच्या प्रमुखांनी पुढे आपला विरोध नसल्याचे जाहीर केले, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

या प्रकरणाच्या राजकारणावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यातली सभानीती तेवढी पाहायची आहे. ज्या लेखिकेच्या भाषेवर आक्षेप होता, तिचे वडील रणजित सीताराम पंडित हे मराठी कुटुंबातले संस्कृतज्ञ. कल्हणाच्या 'राजतरंगिणी'चे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९३५ साली प्रसिद्ध झाले. वडील मराठी म्हणून लेकीला व्यासपीठावर येण्याचा हक्क मिळतो असे मला म्हणायचे नाही. तसा विचार निमंत्रण नाकारणाऱ्यांच्या विचाराइतकाच कोता ठरेल. मुद्दा असा की, आक्षेप घेणाऱ्यांनी आणि आक्षेपापुढे मान तुकवणाऱ्यांनी, ही बाई कोण आणि ती काय सांगणार आहे, हे जाणून घेण्याचे कष्ट घेतल्याचे दिसत नाही. तिचे भाषण लिहून तयार होते. ते वाचून खोडता आले असते. त्याऐवजी चर्चाच तोडली गेली. विघ्नाचे निमित्त सांगून चर्चा तोडणे म्हणजे काय, ते वर आलेच आहे. एका पाहुण्याने लवकर गाडीत बसण्याचा विक्षेप आणि पाहुणीला गाडीतच बसू न देण्याचा विक्षेप यांत अंतर आहे ते फक्त आकाराचे. भाषण मग वर्तमानपत्रांत छापून आले, त्याचे मराठी अनुवाद झाले आणि सभागृहात बसले असते त्याहून कितीतरी अधिक लोकांनी ते वाचले. आणखी एक टोचणारी गोष्ट अशी की, ज्या यवतमाळकर संस्थेकडे यजमानपद होते तिला नाव वि. भि. कोलते यांचे आहे. न पटणारे पाठही नावानिशी जपणाऱ्या परंपरेच्या अभ्यासकाचे हे नाव आहे.

त्या मांडवात जे घडले त्यात एक आशेची बाजूही होती. काही निमंत्रितांनी कारण सांगून संमेलनाला जाण्याचे नाकारले. काही गेले आणि तिथे बोलले. उद्घाटनाच्या वेळी श्रोत्यांतल्या काही स्त्रियांनी सहगल यांचे मुखवटे चढवले. अध्यक्षा अरुणा ढेरे यांनी आपल्या भाषणात निमंत्रण मागे घेण्याला अनुचित ठरवले. न जाणारे आणि जाऊन बोलणारे यांत कोण बरोबर, यावर तेव्हा बरीच चिखलफेक झाली. ती मला अनाठायी वाटते, कारण दोघांनीही आपले म्हणणे आणि त्यामागचे कारण उघड ठेवले होते. ज्यांना जाब विचारायला हवा ते तिसरेच आहेत. मांडवात बसले, टाळ्या वाजवल्या, परत आले आणि काहीच बोलले नाहीत, ते.

त्यांच्यासाठीही त्या यादीत एक जागा राखून ठेवली आहे. तिचे नाव 'पर्यनुयोज्योपेक्षण'. ज्याला जाब विचारायला हवा त्याची चूक दिसूनही जो गप्प बसतो, तो हरतो. मुलाहिज्याला इतके नेमके शास्त्रीय नाव दुसरे सापडणार नाही. आणि या नियमावर वात्स्यायनाने भाष्यात जे म्हटले आहे ते प्रत्येक विभागप्रमुखाने मनाशी बाळगावे. हा पराभव दाखवून द्यायचा कोणी? ज्याची चूक झाली तो आपली लाज आपण होऊन चव्हाट्यावर मांडणार नाही, आणि गप्प बसलेला तर गप्पच बसला आहे. म्हणून तो परिषदेने, म्हणजे ऐकायला बसलेल्या सभासदांनी सांगायचा. सभेच्या नीतीची अंतिम जबाबदारी अशी व्यासपीठावर नसून समोरच्या खुर्च्यांवर येते. मागच्या रांगेत बसून हाताची घडी घालणारा प्राध्यापक स्वतःला या सर्वांतून मोकळा समजतो. शास्त्राच्या हिशेबी न्यायनिवाडा त्याच्याकडेच आहे.

यावर 'व्यवस्थाच तशी आहे' हे उत्तर ठरलेले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने शोधनिबंध आणि चर्चासत्रे यांना गुण दिले. २०१८ मध्ये ती पद्धत बदलली, पण मधल्या काळात प्रमाणपत्रासाठी चर्चासत्र करण्याची जी सवय लागली ती बदलली नाही. हे सारे मान्य. पण कोणत्याही नियमावलीने 'समोरच्याचा निबंध ऐकू नये' असे कलम घातलेले नाही. प्रश्नकर्त्याने भाषण करावे, सत्राध्यक्षाने खोटी स्तुती करावी, पाहुण्याने चहाआधी निघून जावे, यासाठी कोणालाही गुण मिळत नाहीत. ही कामे आपण स्वेच्छेने, विनावेतन आणि मोठ्या निष्ठेने करत आलो आहोत.

नागपूर विद्यापीठ आणि विदर्भ साहित्य संघ या दोन्ही संस्था १९२३ सालच्या. शंभर वर्षांच्या या वारशात सभा भरवण्याची कला आपण चांगलीच आत्मसात केली. सभेत बसण्याची कला अजून शिकायची आहे, आणि ती खर्चिक नाही. निबंध आठ दिवस आधी सर्वांच्या हाती द्यावेत. बारा निबंधांऐवजी चार ठेवावेत आणि वाचनाला जितका वेळ तितकाच चर्चेला द्यावा. जो प्रश्न विचारील त्याने आधी निबंधकाराचे म्हणणे दोन वाक्यांत सांगावे. निबंधकाराने 'होय, मी हेच म्हणालो' असे म्हटल्यावरच प्रश्न पुढे सरकावा. सत्राध्यक्षाने समारोपात कोणते मतभेद मिटले आणि कोणते उरले ते नावानिशी नोंदवावे, आणि स्मरणिकेत छायाचित्रांऐवजी ती नोंद छापावी. पहिली काही सत्रे फार अवघड जातील. पुष्कळ प्रश्न विचारले जाण्यापूर्वीच विरतील, कारण दोन वाक्ये सांगण्यासाठी निबंध ऐकलेला असावा लागतो. तेवढा शांततेचा लाभही कमी नव्हे.

आणि कधीतरी अशा एखाद्या सत्रात कोणी ज्येष्ठ प्राध्यापक उभे राहून एखाद्या विद्यार्थिनीला म्हणतील, 'तुमचे म्हणणे मी नीट मांडू शकलो नाही, पुन्हा एकदा सांगा.' गौतमाच्या यादीप्रमाणे ते त्या क्षणी हरलेले असतील. आपल्या सभांना आज अशा हरणाऱ्या माणसांची फार गरज आहे.